खालची हाक

"मुंग्या दिसतात तोवर टीव्ही मेलेला नाही," असं छत्रीवाला म्हणायचा. पडद्यावर चित्र नसलं, नुसते काळेपांढरे ठिपके वळवळत असले, की गिऱ्हाईक कपाळाला हात लावायचं. हा मात्र खुशीत यायचा. मुंग्या आहेत म्हणजे वर कुठेतरी काहीतरी आहे, आपणच अजून त्याच्या समोर उभे राहिलो नाही, एवढंच त्याचं गणित. पुढे पुढे तो हे वाक्य कशालाही लावू लागला. दूध उतू जाऊन अर्धं उरलं तरी, पाहुण्यांनी फोन उचलला नाही तरी. त्याची बायको म्हणायची, मुंग्या तर दिसणारच, साखरेचा डबा उघडा टाकता तुम्ही.

उमेदीच्या काळात त्याने गावभर डिशच्या छत्र्या बसवल्या होत्या. आताच्या ताटल्यांसारख्या नव्हेत, एखादा माणूस आत पाय पसरून झोपेल एवढ्या, जाळीच्या. धंदा दोघा भावांचा. थोरला, म्हणजे छत्रीवाला, गच्चीवर, छत्रीच्या मागे, हातात पाना घेऊन. धाकटा खाली, टीव्हीसमोर. वरून हाक यायची, "आलं का?" खालून उत्तर जायचं, नाही, मुंग्या दाटल्या, जरा मागे घे, अजून, आलं. त्या हाका ऐकून सगळी आळी जमायची. धाकट्याची नजर अशी की चित्र यायच्या आधी त्याला त्याची चाहूल लागायची. आणखी एक गोष्ट होती. नट आवळला की छत्री केसभर सरकते. म्हणून धाकटा "आलं" हे जरा आधीच म्हणायचा. थोरला आवळत जायचा आणि छत्री सरकून नेमकी जागेवर बसायची. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

मग थोरल्याने शहरातून मीटर आणला. छत्रीला जोडला की लहरी सापडताच तो किंचाळायचा. एका गिऱ्हाइकाच्या घरी, चारचौघांत, थोरला हसत म्हणाला, "आता खाली कुणी उभं राहायला नको." धाकटा तेव्हा टीव्हीसमोर उभाच होता. त्याने ते काम पुरं केलं. पुढच्या कामाला मात्र आला नाही. थोड्याच दिवसांत त्याने भावाच्याच रस्त्यावर, आपल्या राहत्या घरात, मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान टाकलं. भांडण असं झालंच नाही. रस्त्यात भेटले की बोलायचे, पण दोन शेजारी बोलतात तसं. एकमेकांचा उंबरा तेवढा सुटला.

काळ पुढे गेला. लहान ताटल्या आल्या, नव्या डिजिटल पद्धतीचे डबे आले. त्यांत मुंग्या नव्हत्याच. चित्र यायचं तर आरशासारखं, नाहीतर कोरा निळा पडदा. छत्रीवाल्याने धंदा सोडला, एका गोदामावर नोकरी धरली, तीही संपली. गच्चीवरची छत्री कपडे वाळवायच्या दोरीला आधार देत उभी राहिली.

एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाने माळा साफ करताना सापडलेला रिसीव्हर आणून दिला आणि जाता जाता सांगितलं की आभाळात एक परदेशी वाहिनी अजून जुन्या पद्धतीने सोडतात. महिनाअखेर तीही बंद. तेवढ्याने छत्रीवाला पुन्हा पेटला. दोरी सुटली. गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजले. माळ्यावरचा डबड्यासारखा टीव्ही पुसून खोलीत मांडला गेला आणि त्याच्यासमोर बायकोला उभं केलं.

तिने मनापासून केलं. पण चित्र येईपर्यंत ती "आलं" म्हणायची नाही, कारण न आलेल्याला आलं कसं म्हणायचं? एकदा खरंच कसलंसं चित्र चमकलं, ती ओरडली, त्याने नट आवळला आणि ते गेलं. मीटरचाही उपयोग होईना. आभाळ आता नव्या लहरींनी भरलेलं, छत्री कुठेही वळवली तरी तो किंचाळायचा. महिना सरत आला तसं छत्रीवाल्याचं जेवण कमी झालं. ती म्हणाली, भावजींना बोलवा. तो म्हणाला, येणार नाही. बोलावून पाहिलंत का, यावर तो उठून गच्चीवर गेला.

दुसऱ्या दिवशी ती मिक्सर घेऊन दिराच्या दुकानात गेली. मिक्सरला काही झालं नव्हतं. घरघर तो पहिल्यापासून करायचा. धाकट्याने तो उघडला, फुंकर मारली, बंद केला. दुकानाच्या दारातून तिच्या घराची गच्ची सरळ दिसत होती.

"वहिनी, छत्रीचा खांब कललाय," तो खाली बघतच म्हणाला. "पाण्याची टाकी बांधली तेव्हापासून. रोज बघतोय मी."

"मग येऊन सांगा की."

"कशाला? मीटर आहे त्याच्याकडे."

तिने घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे नवऱ्यापुढे ठेवले. तिखटमीठ काही लावलं नाही. छत्रीवाला बराच वेळ पाना पुसत बसला. मग गच्चीवर गेला. ती मागोमाग गेली. त्याने ओळंबा सोडून पाहिलं. खांब कललेलाच होता. त्याने खाली पाचर ठोकली, छत्रीमागे उभा राहिला आणि भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून जुन्या आवाजात हाक दिली.

"आलं का?"

रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकले. त्याने पुन्हा हाक दिली. मग धाकटा तांब्याची तार हातात घेऊनच दारात आला.

"टीव्ही समोर असल्याशिवाय कसं सांगू, दादा?"

"मग समोर ये."

तो आला. चपला काढताना उंबऱ्याशी जरा अडखळला, एवढंच. संध्याकाळपर्यंत वरखाली हाका चालल्या. एकदा तो "आलं" म्हणाला तेव्हा वहिनीला पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसेना. वर नट आवळला जाऊ लागला, आणि मुंग्यांमधून एक गृहस्थ हवामानाच्या नकाशापुढे उभा राहिलेला दिसू लागला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. छत्रीवाला धावत खाली आला. तिघं बघत बसले. भाषा कुणालाच कळत नव्हती.

"पाऊस म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"त्यांच्याकडे," थोरला म्हणाला.

महिनाअखेरपर्यंत धाकटा दुकान लवकर बंद करून रोज येत राहिला. शेवटच्या दिवशी तो गृहस्थ बोलता बोलता मध्येच गेला आणि पडदाभर मुंग्या झाल्या. टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही. तिला वाटलं, आता दीर चपला घालणार, आणि उद्यापासून पुन्हा रस्त्यातल्या रस्त्यात बोलणं.

दिराने चपला घातल्या. घालता घालता म्हणाला, "पूर्वेकडचं आभाळ आपण पाहिलंच नाही. इथून टाकी आडवी येते. माझ्या पत्र्यावरून मोकळं आहे."

"छत्री आहे तुझ्याकडे?"

"आहे," धाकटा म्हणाला आणि वहिनीकडे वळला. "तुमची जाऊ तिच्यात मिरच्या वाळवते."

छत्रीवाल्याने रिसीव्हर काखेत मारला, पाना खिशात घातला. मीटर खुंटीलाच राहिला. दोघं रस्त्याने निघाले. धाकटा हाताने आभाळ दाखवत होता, थोरला मान हलवत होता. ती गच्चीवरून बघत राहिली. तिकडे दुकानाच्या दारात तिची जाऊही डोळ्यांवर हात धरून उभी होती. दोघे दाराशी पोचले तशी जाऊ बाजूला सरली आणि त्यांना आत जाऊ दिलं.