गोपाळरावांचा कातळ आणि तांड्याचा शेंदूर

पद्मजाबाईंच्या नवऱ्याला दगडांचं वेड होतं, हे अख्ख्या औंढ्याला ठाऊक होतं. गोपाळराव शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुटी लागली की थेट सिद्धेश्वर धरणाचा काठ गाठायचे. पाणी ओसरलं की तिथे उघडे पडणारे खडक ते लोकांना अशा थाटात दाखवायचे, जणू घरच्या भट्टीतच भाजून काढलेत. बरोबरीच्या बायका नवऱ्यासोबत तीर्थयात्रेला जायच्या. पद्मजाबाईंचा संसार चिखलात गारगोट्या बघण्यात गेला. त्यावरून त्यांनी नवऱ्याला बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पण घरी मात्र त्या एकदाही बसल्या नाहीत.

गोपाळराव गेल्याला वर्ष झालं. त्यांचा विद्यार्थी विश्वजीत आता हिंगोलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. त्याने ठरवलं, सरांच्या नावाने काठावर फेरी काढायची. पुढे चालून खडक कोण दाखवणार, असं पद्मजाबाईंनी विचारताच तो म्हणाला, ‘‘काकू, तुम्हीच. सरांची सगळी भाषणं तुम्हाला पाठ आहेत.’’

ते खरंच होतं. पद्मजाबाईंना काळजी होती ती फक्त शेवटच्या कातळाची. काठावर वसलेल्या तांड्याच्या खालच्या अंगाला तो काळा कातळ आहे. लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. असाच दुसरा एक कातळ पूर्वी वरच्या अंगाला होता. कुणी तरी त्याला शेंदूर फासला. वर्षभरात त्यावर पत्रे चढले, मग फरशी आली, मग भोंगा. आता तिथे स्फटिक होते म्हटलं तर लोक हसतात. ‘‘हा एवढा तरी सांभाळ,’’ असं गोपाळराव शेवटच्या आजारात म्हणाले होते. पोरंबाळं नसलेल्या माणसाने मागे ठेवलेलं असं ते एकच होतं.

फेरी छान रंगली. पद्मजाबाईंनी नवऱ्याच्या नकला केल्या, विश्वजीतच्या कॉलेजातल्या पोरी खदखदून हसल्या, आणि मंडळी रमतगमत तांड्याखाली पोचली.

कातळ नखशिखांत शेंदरी झाला होता.

वर झेंडूचा हार, पुढे नारळ आणि उदबत्त्या. शेजारी अनुसयाबाई आणि तांड्यातली माणसं ठेवणीतले कपडे घालून हसतमुखाने उभी. अनुसयाबाईंचं शेत काठाला लागूनच होतं. गोपाळरावांना पाणी, भाकरी, सावली, काय लागेल ते तिथेच मिळायचं.

‘‘अनुसयाबाई, हे काहून केलं?’’ पद्मजाबाईंनी विचारलं.

‘‘काहून म्हंजी? सरायचं वरीस हाय न्हवं!’’ अनुसयाबाई अभिमानाने म्हणाल्या. ‘‘डोळ्याला काच लावून घंटाघंटा गुडघ्यावर बसायचे ते ह्याच्याम्होरं. एवढा शिकलेला माणूस बसून राहिला, तर त्यात देव असल्याबिगर का? आमी म्हणलं, सरायच्या देवाला उघडं कसं ठिवावं?’’

विश्वजीत दात-ओठ खात कुजबुजला, ‘‘काकू, गाडीतलं पेट्रोल काढून आणतो. आत्ताच्या आत्ता पुसून टाकू.’’

‘‘गप बैस,’’ पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांना रडू येत होतं आणि हसूही. ज्या माणसाने हयातभर शेंदराशी भांडण केलं, त्याच्याच प्रेमापोटी हा शेंदूर लागला होता. गावातल्या शिकल्यासवरलेल्यांनी वर्षात त्याच्या फोटोला फूल वाहिलं नव्हतं. ह्या माणसांचा हात झिडकारायचा कसा? आणि नाही झिडकारला, तर पत्रे आलेच समजा.

पद्मजाबाई पुजाऱ्याच्या घरातल्या. वडिलांकडे मारुतीची पूजा होती. शेंदराचे थर वाढले की वडील त्या थरांचं कवच, म्हणजे देवाची खोळ, उतरवायचे आणि वाजतगाजत पाण्यात सोडायचे. ते आठवलं आणि त्यांनी पदर खोचला.

‘‘बाई, तुम्ही मानानं केलं, मला भरून आलं. पण सर गुडघ्यावर बसून काय बघायचे, ते कधी बघितलंत?’’

‘‘न्हाई बा. आमी कशाला मधी जाऊन त्यायला तकलीफ द्यावी?’’

‘‘मग आज बघा. मात्र शेंदराखाली ते दिसायचं नाही. देवाची खोळ उतरवावी लागंल.’’

‘‘काल लावला अन् आज खोळ?’’

‘‘सरांचा देव आहे. त्याला उघडंच बरं वाटतं. कधीच झाकू नका त्याला.’’

अनुसयाबाई विचारात पडल्या. मग त्यांनी नारळ फोडला, कातळाला हात जोडून परवानगी मागितली आणि एक जुनं धोतर मागवून स्वतःच पुसायला बसल्या. तांडा मदतीला धावला, पोरीही धावल्या. तेलातला ताजा शेंदूर भराभर निघाला. शेंदराने माखलेलं फडकं धरणात सोडलं, तेव्हा बायांनी गाणंही म्हटलं. पोकळ्यांत शेंदराचं बोट पोचलं नव्हतं. आतले स्फटिक जसेच्या तसे होते.

पद्मजाबाईंनी नवऱ्याचं भिंग अनुसयाबाईंच्या हातात दिलं. त्या गुडघे टेकून वाकल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि तिथून हलेचनात. मागे रांग लागली. विश्वजीत घड्याळ बघू लागला.

‘‘अनुसयाबाई,’’ पद्मजाबाई हळूच म्हणाल्या, ‘‘बाकीचे खोळंबलेत.’’

अनुसयाबाईंनी भिंगावरचा डोळा काढला नाही.

‘‘खोळंबू द्या की. दर्शनाला कुणी असं ढकलत असतंय व्हय?’’

पद्मजाबाईंनी डोळे पुसले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.