कुत्रा बसला की वस्तू गेली

वकिलाच्या ऑफिसात पगार बेताचाच, पण किस्से किती जमतात ते विचारू नका! इकडे परदेशात, प्लेनो शहरात आमच्या मराठी मंडळाचं कुठलंही पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायचं जेवण, असो, मी ताट घेऊन बसले रे बसले की कोणीतरी विचारतंच, "काय, तुमच्या कुत्र्याचं काय नवीन?"

माझ्याकडे कुत्रा नाही. मी एका वकिलाकडे कागदपत्रं बघते, आणि आमच्या निम्म्या केसेस पोलिसांच्या ड्रग्ज हुंगणाऱ्या कुत्र्यामुळे येतात. हायवेवर गाडी थांबवायची, कुत्रा भोवती फिरवायचा. कुत्रा खाली बसला की गाडी आणि गाडीतलं जे काही डोळ्यांत भरेल ते जप्त. ड्रग्ज सापडली नाहीत तरी जप्त! लोकांना हे ऐकून हसू येतं. पूर्वी मलाही यायचं.

*

दोन हजार चार साली मी नोकरीला लागले. त्याआधी सात वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून पोळ्या लाटल्या होत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी उत्साह नुसता उतू चालला होता. साहेबाचं नाव डग. साठीचा, ढेरपोट्या, पेन्सिली चावायची सवय. त्यानं पहिली फाइल हातात दिली. वर लिहिलेलं, 'राज्य सरकार विरुद्ध एक पांढरी व्हॅन'.

मी म्हटलं, "टायपिंगची चूक झालीय, आरोपीचं नाव राहिलंय."

"व्हॅनच आरोपी आहे," डग म्हणाला.

"आणि व्हॅनचा मालक?"

"त्याच्यावर काहीच आरोप नाही."

"मग बरंच की! तसंही इथे गरीब आरोपीला फुकट वकील मिळतो ना?"

"माणसाला मिळतो. व्हॅनला नाही."

मी खो खो हसले. डगनं चष्म्यावरून बघितलं आणि दुसरी फाइल पुढे सरकवली. त्यात आरोपी ट्रॅक्टर होता.

*

मग एकदा कुत्र्याच्या पोलिसाची जबानी होती, आमच्याच ऑफिसात. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याची व्हीएचएस टेप आम्ही आदल्या दिवशी चारदा बघितलेली. कुत्रा थांबवलेल्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारतो, शेपटी हलवतो, फुलपाखराच्या मागे जातो. चौथ्या फेरीला पोलीस डिकीवर टकटक करतो आणि कुत्रा लगेच बसतो.

डगनं विचारलं, "तुमचा कुत्रा आजवर किती वेळा चुकला?"

"एकदाही नाही."

"पण ह्या गाडीत तर काहीच सापडलं नाही."

"म्हणजे आधी कधीतरी असणार!"

मी डगकडे बघितलं. इतका सरळ चेहरा, इतका स्वच्छ आवाज. वाईट ह्याचं वाटलं की माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा खरंच विश्वास होता.

*

अर्लचा किस्सा मात्र मी पॉटलकला सांगत नाही. अर्ल हा घरांची छपरं दुरुस्त करणारा म्हातारा. त्याच्या पिकअप ट्रकपाशी कुत्रा बसला, ट्रक गेला. कोर्टाचा कागद आला तो ट्रकच्या नावावर! अर्लला वाटलं, आपल्याला थोडंच बोलावलंय? उत्तर द्यायची मुदत टळून गेली, मग तो आमच्याकडे आला. डग तरी काय करणार?

चार जुलैच्या परेडला तो नातीला घेऊन गेला. बँड गेला, घोडे गेले आणि मागून नव्या काळ्या रंगात चमकणारी पोलिसांची गाडी आली. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'ड्रग्जला नाही म्हणा'. नात टुणकन उडी मारून ओरडली, "ग्रँडपा, युवर ट्रक!"

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या," अर्ल म्हणाला. "सगळेच वाजवत होते."

*

हे सगळं 'त्यांचं' चाललेलं असतं, आपल्या माणसांशी त्याचा काय संबंध, अशी माझी समजूत होती. मग एके दिवशी ऑफिसच्या दारात मालतीमावशी उभ्या. आमच्या मंडळाच्या मावशी, सख्ख्या नाहीत, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू त्यांनीच केले. बरोबर काका, मान खाली घालून.

त्यांच्या मुलीचं, अनघाचं, लग्न चार महिन्यांवर आलं होतं. सासूबाईंनी घातलेल्या दोन पाटल्या मावशी ह्यूस्टनच्या सराफाकडे पॉलिशला नेत होत्या. आणि सोनं कशात ठेवलं? गोड्या मसाल्याच्या डब्यात! पाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मसाल्यात पुरलेली, डब्याच्या झाकणाला चारी बाजूंनी टेप.

"अगं, आई प्रवासात असंच न्यायची," मावशी म्हणाल्या. "चोर बॅग उचकतो, मसाला कोण उचकतंय?"

काकांनी इंडिकेटर न देता लेन बदलली. पोलिसानं थांबवून विचारलं, "गाडी बघू का?" काका म्हणाले, "येस सर, येस सर." आपल्यात पोलिसाला नाही म्हणायची सवय आहे कुणाला? कुत्रा आला, फिरला, डिकीपाशी बसला. टेप लावलेला डबा, आत उग्र वासाची पूड, पुडीत सोनं. झालं! ड्रग्जच्या पैशातून घेतलेलं सोनं, असा संशय. काकांवर आरोप काहीच नाही. 'राज्य सरकार विरुद्ध दोन सोन्याच्या बांगड्या', अशी फाइल मी माझ्या हातानं तयार केली.

*

सरकारी वकील तरुण होता, वागायला अगदी मऊ. तो म्हणाला, "मसाला कुत्र्याला फसवायला ठेवला होता."

डग म्हणाला, "फसला असेल तर बसला कसा?"

"तो हुशार आहे."

मग त्यानं मावशींना पाटल्यांची पावती मागितली. मी मराठीतून समजावलं. मावशी म्हणाल्या, "सांग त्याला, सासूबाईंनी मांडवात माझ्या हातात पाटल्या घातल्या. पावती नाही घातली."

मी भाषांतर केलं. तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "म्हणजे पावती नाही."

*

लग्न नऊ दिवसांवर आलं आणि फॅक्स आला. सरकार तडजोडीला तयार आहे. निम्मं तुमचं, निम्मं आमचं. एक पाटली घ्या, दुसरीवर हक्क सोडला अशी सही द्या.

डग लालबुंद झाला. "सही करू नका! आपण जिंकणार."

"लग्नाच्या आधी?" मावशींनी विचारलं.

डगनं पेन्सिल तोंडातून काढली. "पुढच्या वर्षी. बहुतेक."

मावशींनी सही केली. 'मी हे स्वखुशीनं करत आहे' ह्या ओळीखाली. ती ओळ त्यांना मीच वाचून दाखवली. त्या दिवसाइतकी लाज मला ह्या नोकरीत कधी वाटली नाही.

*

पाटली आणायला सरकारी कचेरीत मी बरोबर गेले. काउंटरवरच्या बाईनं दोन्ही पाटल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "कोणती हवी ती घ्या."

मावशी हलेनात. एक उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली, परत ठेवली. मागे रांगेत माणसं उभी. बाई वाईट नव्हती हो, समजुतीनं म्हणाली, "मॅम, काळजी करू नका, दोन्ही अगदी सारख्या आहेत."

मावशींना इंग्रजी बेताचंच, पण हे त्यांचं त्यांनाच कळलं. "येस," त्या म्हणाल्या. "दे आर जोड."

मग डोळे मिटून त्यांनी एक घेतली. दुसरीला हात लावून नमस्कार केला. बाईनं ती पिशवीत टाकली आणि वर नंबर लिहिला.

*

लग्न ह्यूस्टनला झालं, मी गेले होते. अनघा इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. मावशींनी बोहल्यावर चढायच्या आधी तिच्या उजव्या हातात पाटली चढवली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या जरा जास्त भरल्या, तरी बायकांच्या नजरेतून काही सुटतं का? मुलाच्या आत्यानं अनघाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट केले आणि सगळ्यांदेखत मावशींना विचारलं, "अगंबाई! पाटली एकच? दुसरी कुठंय?"

मावशींचा चेहरा उतरला. मी पुढे होणार, तेवढ्यात अनघाच बोलली, स्वच्छ मराठीत.

"दुसरी सरकारनं घातलीय."

बायका खदखदून हसल्या. पोरगी किती मिश्कील आहे म्हणाल्या. आत्याबाई तर डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मावशींनी सगळ्यांकडे बघितलं आणि त्याही हसल्या.