खिंडीतला तिसरा सेट

वॉकीटॉकीचं बटण दाबण्याआधी मावशी डोक्यावर पदर घ्यायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "कोन कोन ऐकत असल, काय सांगावं." पलीकडचा माणूस बहुधा चहापत्ती संपल्याचंच सांगत असे, पण पदर कधी चुकला नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नातं एका कप चहाचं, आणि आठवण मात्र सख्ख्यांपेक्षा जास्त. माझी शाळा अकोले तालुक्याच्या डोंगरात, खिंडीपलीकडच्या वाडीत. मोटारसायकल खालच्या गावात लावायची, खिंड चढायची, माथ्यावर मावशींच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि वाडीत उतरायचं. वाडीत मोबाईलला रेंज नाही. जीप खालच्या गावात. ती लांबच्या कच्च्या रस्त्यानं वळसा घालून येते. कोणी आजारी पडलं की तिला बोलवायला माणूस धावत सुटायचा.

म्हणून वाडीनं वॉकीटॉकी घ्यायचं ठरवलं. शहरात, सावेडीतल्या दुकानात सरपंच, मी आणि हट्टानं आलेल्या मावशी असे तिघे गेलो. सरपंचांना दुकानातला सगळ्यात मोठा सेट हवा होता. आवाज डोंगर फोडून गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार सज्जन होता. त्यानं समजावलं की सरकारी मान्यतेचे, कमी ताकदीचे बारके सेट बिनपरवाना वापरता येतात. मोठ्याला परवाना लागतो, तो दिल्लीहून येतो, आणि परवान्याशिवाय भलत्या लहरींवर बोललात तर पोलिसांच्या बोलण्यातही घुसाल. शिवाय मध्ये डोंगर असला की ताकद वाढवून फारसं भागत नाही. दोन्हीकडचं दिसेल अशा उंचावर तिसरा सेट लागतो.

सरपंच हिरमुसले. मावशींनी परवान्याला किती दिवस लागतात ते विचारलं. दुकानदार नुसताच हसला.

"मंग बारकंच द्या," मावशी म्हणाल्या. "परवाना येस्तोवर मान्सं आजारी पडायची थांबत न्हाईत. तिसरा माज्याकडं ठिवा."

एक सेट वाडीत, एक जीपमध्ये, तिसरा टपरीवर. वाडी आणि जीप यांना एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. वाडीचं चॅनेल वेगळं, जीपचं वेगळं; सगळं मावशींकडून जायचं. "ऐकलं. फुडं सांगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण सांगायच्या कशा? वाडीनं "सडकी भाजी आणून टाकली" म्हणून शिव्या दिल्या की जीपवाल्याला निरोप जायचा, "बाबा, उद्या भाजी जरा ताजी बघ." मी मास्तर पडलो. निरोप जसाच्या तसा द्यावा, असं एकदा त्यांना सुनावलं.

"गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "चहा तुमी गाळूनच पिता ना?"

मी गाळलेला चहा प्यायलो.

वाडीतले आण्णा आणि जीपवाला यांचं शेताच्या बांधावरून वाजलं होतं. वर्षानुवर्षं बोलणं बंद. एका पावसाळी दुपारी मी टपरीत असताना सेट खरखरला. आण्णांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, आणि तिची तब्येत आधीपासूनच नाजूक. आण्णांचा आवाज कापत होता, तरी पीळ गेला नव्हता.

"सांग त्याला, बांध कोरनाऱ्याला हात जोडायची येळ आली. यायचं तर ये म्हनावं. न्हाईतर खाटंवर घालून नेतो मी."

 जीपवाला तसा तापटच. मावशींनी पदर घेतला. "ऐकलं. फुडं सांगते." मग जीपचं चॅनेल लावून, दरीकडे तोंड करून त्या बोलल्या, "आण्णाच्या सुनंला कळा आल्यात. आण्णा म्हन्तो, तुज्याबिगर कोन हाय आमाला."

सेट खरखरला. मग आवाज आला, "निघालो."

सून वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. दोघीही सुखरूप. मावशींनी त्या दिवशी चहात इतकी साखर घातली की चमचा उभा राहावा.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मला फार एकटं वाटलं, ते अजून वाटतं. दहाव्याला आण्णा आणि जीपवाला शेजारी बसले होते, मी मागे. जीपवाला मान खाली घालून म्हणाला, "आण्णा, त्या दिवशी तुमी म्हन्लात ना, तुज्याबिगर कोन हाय आमाला. त्येवढ्यासाठी आल्तो. न्हाईतर जीप काढली नसती."

आण्णांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. "म्हन्लो हुतो."