परसरामने दिलेला कार्यभार

परसराम गेल्याची बातमी मला सुनीताबाईंनी दिली. मी आता मुलाकडे कुडव्याला राहतो. गाव सुटून काही वर्षे झाली. सकाळी फोन वाजला. "गुरुजी, परसरामभाऊ गेले. झोपेतच." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आल्याशिवाय नेत नाही, असं केशव म्हणून राहिला." केशव म्हणजे परसरामचा पुतण्या. मी निघालो. आमचे गाव केशोरीच्या अलीकडे; बसने जायला अर्धा दिवस मोडतो. पोहोचलो तेव्हा अंगणात सुनीताबाई येणाऱ्यांना पाणी देत होत्या. ज्या बाईंनी परसरामला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवले, त्या त्याच्या मरणाच्या दिवशी घरच्यासारख्या उभ्या होत्या आणि त्याचे गावात कोणाला नवल वाटत नव्हते. असे नवल न वाटण्याची सवय गावाला परसरामनेच लावली. त्याविषयी लिहायचे आहे.

त्याला जाऊन महिना होऊन गेला. स्तुती करण्याची मला सवय नाही, आणि परसरामला ती पचलीही नसती. आम्ही एका शाळेत शिकलो. पुढे मी मास्तर झालो, तो शेतीतच राहिला. त्याचे पूर्वज माळव्यातून आले. धानाची जमीन त्यांनी जंगल काढून केली, असे तो सांगत असे आणि त्या सांगण्यात थोडा ताठा असे. इटियाडोह धरणाच्या नहरीवर, म्हणजे कालव्यावर, आमच्या काही गावांची सहकारी पाणीवापर संस्था आहे. नहर जिथे आमच्या हद्दीत शिरते त्या भागाला सगळे हेड म्हणतात आणि जिथे संपते त्याला टेल. हेडवाल्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी पोहोचते; टेलवाल्यांना जे उरेल ते मिळते. परसराम हेडचा. पंधरा वर्षे तो संस्थेचा अध्यक्ष होता, आणि निवृत्त झाल्यावर मी तिचा सचिव झालो. पाण्यावरून लाठ्या निघत, ते त्याने बंद केले. पाळीचे वेळापत्रक त्याने चावडीवर रंगवून घेतले. हे त्याचे श्रेय आहे आणि ते निर्विवाद आहे. परंतु पंधरा वर्षांत माणूस आणि खुर्ची यांच्यातला सांधा दिसेनासा होतो. परसरामचेही तसेच झाले.

त्या वर्षीच्या निवडणुकीत टेलच्या सुनीताबाई उभ्या राहिल्या. त्या संचालक होत्या, बोलायला धीट आणि हिशेबाला पक्क्या. अकरा संचालकांनी मतदान केले. तालुक्याहून आलेल्या निवडणूक अधिकाऱ्याने मते मोजली : सहा सुनीताबाईंना, पाच परसरामला. सुनीताबाईंना मिळालेल्या एका मतपत्रिकेवरची फुली चौकटीच्या रेषेला लागली होती. अधिकाऱ्याने ती सर्वांना दाखवली, वैध ठरवली, निकाल सांगितला आणि निघून गेला. खरे तर विषय तिथेच संपला होता. पण केशवने ती फुली पकडून ठेवली. "काका, रेघेले लागली म्हणजे मत बाद. पाच-पाच झाले, म्हणजे जुनेच अध्यक्ष, तुम्ही. शिक्का तं आपल्याजवळच हाय," असे तो चारचौघांत म्हणाला आणि परसरामने त्याला गप्प केले नाही.

दुसऱ्या दिवशी परसराम माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "मास्तर, इतिवृत्तात एक ओळ लिही."

"कोणती?"

"का एक मत शंकेचं होतं."

"नव्हते. तूही पाहिलेस."

"साठ वर्षांची आपली दोस्ती. एक ओळ जड जाऊन राहिली का तुले?"

"दोस्ती इतिवृत्तात येत नाही, परसराम."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तू शाळेतबी असाच होता. मार वाढवून घेत होता, पन पाटी पुसत नव्हता." हा टोमणा होता, पण त्याच्या तोंडून निघालेले ते माझ्याविषयीचे सर्वांत चांगले वाक्य आहे. नंतर नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

त्या नऊ दिवसांत संस्थेला दोन अध्यक्ष होते. शिक्का परसरामकडे, निकाल सुनीताबाईंकडे. कार्यालयाला केशवने आपले कुलूप घातले. लोक चौकात उभे राहून विचारत, "औंदा पाणी कोनाले मागाचं गा?" हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची रोपे, टाकून झाले होते. अध्यक्षाच्या सहीचा पाणी मागणी अर्ज नहरीच्या शाखा कार्यालयात गेल्याशिवाय गेट उघडत नाही, आणि गेट उघडले नाही तर रोवणीपूर्वीच पऱ्हे जळतात. सुनीताबाई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, शिक्का नाही मिळाला तरी चालते. अर्जासाठी मले सभासदांची यादी द्या." मी दिली. अध्यक्ष त्या होत्या. विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते. यादी घेताना त्यांनी विचारले, "परसरामभाऊचं नाव कुठं लिहू जी? वर का खाली?" मी म्हटले, जिथे दरवर्षी असते तिथे.

पुढे शाखा कार्यालयात जे घडले ते मी सचिव म्हणून हजर राहून पाहिले. अधिकारी तरुण होता, पण वैतागलेला. त्याने टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी मांडले. "एक संस्था, दोन अर्ज, दोन अध्यक्ष. मी दोघांना पाणी देऊ शकत नाही. तुमचे ठरत नसेल तर गेट बंद राहील." सुनीताबाई एका बाजूला उभ्या होत्या. परसराम समोर बसला होता, केशव त्याच्या मागे. परसराम म्हणाला, "दाखवा पाहू." त्याने चष्मा आणला नव्हता. मी माझा काढून दिला. नऊ दिवसांत आमच्यात झालेला तो पहिला व्यवहार. ओळीखाली बोट धरून त्याने आधी सुनीताबाईंचा अर्ज वाचला. पहिले नाव त्याचेच होते. क्षेत्र पूर्ण, एक गुंठाही कमी नाही. हेडच्या सगळ्यांची नावे होती, त्याला मत देणाऱ्या पाचही संचालकांची होती, केशवची होती.

मग त्याने स्वतःचा अर्ज उचलला. तो केशवने संगणकाच्या दुकानात तयार करून आणला होता आणि परसरामने न वाचता सही केली होती. पाने उलटत तो शेवटापर्यंत गेला. परत मागे आला. पुन्हा शेवटचे पान काढले.

"केशव, टेल कोठं हाय?"

"काका, धरणात पाणी कमी हाय औंदा. सगळ्याइले पुरणार नाही. म्हणून आपण..."

"मी पाणी नाई विचारलो. टेल कोठं हाय?"

टेलच्या दोन्ही गावांतील एकही नाव त्या अर्जात नव्हते. हेडच्या वाट्याला पूर्ण पाणी यावे म्हणून ती गाळली होती. खाली सही परसरामची, शिक्का संस्थेचा. परसरामने अधिकाऱ्याकडे पेन मागितले. अर्जावर आडवे लिहिले, 'हा अर्ज मागे घेत आहे.' खाली नाव लिहिले. नावापुढे पद लिहायचे म्हणून 'अध्यक्ष' लिहायला गेला, आणि पेन कागदावर टेकवून थांबला. मग त्याने आधी 'माजी' लिहिले. खिशातून शिक्का काढून सुनीताबाईंपुढे ठेवला आणि माझा चष्मा मला परत दिला.

अशा प्रसंगी इथेच थांबण्याचा मोह लिहिणाऱ्याला होतो. परंतु परसराम थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन टेलला सुनीताबाईंच्या दारात गेला. त्यांना वाटले, भांडायला आला.

"बाई, चपला घाला. नहर दाखवतो."

"नहर मी जन्मापासून पाहून राहिली, भाऊ."

"पानी घेनाऱ्याची पाहिली. अध्यक्षाची नाई पाहिली."

"नऊ दिवस तं मले अध्यक्ष मानत नव्हते. आता काऊन?"

"नव्हतो मानत. आता मानतो. चाला, ऊन चढन."

टेलपासून हेडपर्यंत, पाण्याच्या उलट दिशेने, आम्ही तिघे पाळूवरून, नहरीच्या काठच्या बांधावरून, चाललो. प्रत्येक गेटापाशी तो उभा राहिला. गेटाचे किती आटे फिरवायचे; कागदावर आहेत तेवढे फिरवले तर खालचा बांध फुटतो. इथे खेकडे पाळू पोखरतात, रोवणीच्या आधी माती भरा. हा माणूस तक्रार करेल, त्याचे ऐका. तो करेल, त्याचे ऐकू नका. इथे दोन भाऊ एकमेकांचे पाणी वळवतात, पाळी असली की दोघांना समोर उभे करा. यातले अक्षरही संस्थेच्या दप्तरात नव्हते. सचिव असून मलाही यातले अर्धे ठाऊक नव्हते. केशवने कुलूप लावून जे अडवले होते ती नुसती कपाटे होती; संस्था या माणसाच्या डोक्यात होती, आणि ती तो ओंजळीने रिकामी करत होता. सुनीताबाई वहीत लिहीत होत्या.

हेडपाशी त्याच्याच बांधीजवळ लोक जमले होते. त्यांतला एक ओरडला, "काय भाऊ, हारल्याची वरात काढून राहिले का?" परसराम म्हणाला, "हो. तू नाचाले ये." लोक हसले. मग तो पाळूच्या खाली उतरला, गवत बाजूला केले आणि सुनीताबाईंना म्हणाला, "हे पाहा." मातीत एक पाइप होता. मंजूर पाइपच्या दुप्पट रुंद. "हा मी बसवलो. अध्यक्ष होतो तेव्हा. माझ्या चार आणि ह्या शेजारच्या बांध्यांसाठी. तुमच्या टेलले पाणी काऊन पोहोचत नाही, हे तुम्ही पंधरा वर्षं मले विचारत होत्या. मी म्हणत होतो, धरणातच कमी हाय."

मी त्याच्याकडे पाहिले नाही. त्या पंधराही वर्षांत मी त्याचा मित्र होतो, त्यातली काही वर्षे सचिवही. मला हे माहीत नव्हते, की माहीत करून घ्यायचे नव्हते, याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. सुनीताबाईंनी शिवी दिली असती तरी ती रास्त ठरली असती. त्या म्हणाल्या, "काढाल का?"

"अध्यक्ष सांगतील तं काढीन."

"काढा."

त्याने कुदळ मागवली आणि स्वतः खणायला सुरुवात केली. त्याचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. ज्याने वरातीची थट्टा केली होती, तोच थोड्या वेळाने खाली उतरला आणि दुसरी बाजू खणू लागला. त्या हंगामात पाणी पाळीने, टेलपासून सुरू झाले आणि टेलला रोवणी वेळेवर झाली. परसरामच्या चार बांध्यांपैकी एक पडीक राहिली. तो त्याविषयी कधी बोलला नाही. हेडची चार-सहा घरे त्याच्याकडे येईनाशी झाली; त्याविषयीही नाही. सभेला मात्र नियमाने येई, शेवटच्या रांगेत बसे आणि सुनीताबाई आत आल्या की उभा राही. हजेरीत सही करून पुढे 'माजी अध्यक्ष' लिहिणे त्याने शेवटपर्यंत सोडले नाही.

वर्तमानपत्रांत मी मोठ्या देशांच्या बातम्या वाचतो. राष्ट्राध्यक्ष हरतो आणि हरलो म्हणत नाही. मोजलेल्या मतांवर शंका घेतो, आपल्या माणसांना चिथावतो. मग लोक विचारतात, लोकशाही टिकणार का. मला हा प्रश्न भिववत नाही. अकरा मतांच्या संस्थेत ती नऊ दिवस लोंबकळताना मी पाहिली आहे, आणि एका माणसाने स्वतःच्या सहीखालचा कागद वाचला म्हणून ती सावरतानाही पाहिली आहे. कायदा लागतो, अधिकारी लागतो, इतिवृत्त लागते. पण सोडणाऱ्याने नीट सोडले पाहिजे, हे कायद्यात लिहिता येत नाही. ते कोणीतरी एकदा करून दाखवावे लागते.

पुढे मुदत संपल्यावर सुनीताबाई हरल्या. केशव निवडून आला, दोन मतांनी, कोणाचीही तक्रार नसताना. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताबाई त्याला घेऊन टेलपासून निघाल्या, हे मला परसरामनेच फोनवर सांगितले. "वही बी देऊन टाकली बाईनं," म्हणाला. त्याचा आवाज मी इतका समाधानी पूर्वी ऐकला नव्हता.

गेल्या आठवड्यात केशवचा फोन आला. या वर्षीचा अर्ज तयार होता. "गुरुजी, काका असते तं मी त्याइले वाचून दाखवलो असतो. दरवर्षी ते आयकत होते. आता तुम्ही आयका जी." मी म्हटले, वाच. त्याने विचारले, "कुठून सुरू करू?" मी म्हटले, शेवटून. तो टेलच्या गावांतील नावे वाचू लागला, एकेक नाव, एकेक क्षेत्र. बराच वेळ गेला. सुनेने दोनदा जेवायला हाक मारली. सगळी नावे होती.