दोन हेल्मेटं आणि डबल बेल

कंडक्टरबाईंनी सगळी नोकरी बसमध्ये उभं राहून काढली. एवढ्या वर्षांत एकही प्रवासी मागे राहू दिला नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. कुणी पाणी प्यायला उतरलं, कुणाचं पोर आडोशाला गेलं, तरी बाई माणसं मोजायच्या आणि आकडा जुळल्याशिवाय घंटेच्या दोरीला हात लावायच्या नाहीत. अशा बाईला तिच्याच नवऱ्याने पेट्रोल पंपावर विसरून जावं म्हणजे काय म्हणायचं?

नवरा त्याच बसचा ड्रायव्हर. डेपोत त्याचं नाव सायलेन्सर पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त बोलत नव्हता. डोक्यामागे ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी लावून ज्याने आयुष्य काढलं, त्याने ती पाटी घरीही आणली, असं बाई म्हणायच्या. लग्नाचं विचारलंसुद्धा बाईंनीच, शेवटच्या स्टॉपवर, गाडी रिकामी झाल्यावर. त्यावर सायलेन्सर “चालेल” एवढंच म्हणाले आणि नेहमीचा रस्ता सोडून गाडी भलत्याच गल्लीत घातली. रोजच्या रस्त्यावरून त्यांची गाडी चुकली ती तेवढी एकदाच.

दोघं रिटायर झाल्यावर सायलेन्सरनी एका डॉक्टरांची जुनी टूरिंग मोटारसायकल घेतली. मागे टेकायला गादी, दोन्ही बाजूंना खोके, पुढे टीव्हीसारखा स्क्रीन, स्पीकर, रेडिओ. पार्किंगमध्ये ती उभी असली की बाकीच्या स्कूटर तिच्यासमोर अंग चोरून उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. ज्या रस्त्याला ठरलेले स्टॉप नाहीत अशा रस्त्यावर एकदा तरी गाडी चालवायची, एवढीच या माणसाची हौस होती. बाई मागे बसत आणि बसच्या घंटेसारखी खांद्यावर थाप मारून गाडी हाकत: एक थाप, थांबा, दोन थापा, चला. सवय हाडात मुरलेली, त्यामुळे कुणी कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

पण घोळ झाला तो या सवयीनेच. पंपावर पेट्रोल भरून झालं. बाई हातातली बॅग मागच्या सीटवर ठेवून तोंडावर पाणी मारायला गेल्या. उभी ठेवलेली बॅग पुढे कलंडली. आधी पट्टा सायलेन्सरच्या खांद्यावर आपटला, मग खुद्द बॅग. झाल्या दोन थापा! डबल पडली म्हणजे निघायचं. ते निघाले.

बाई बाहेर आल्या तेव्हा पंपावरचा माणूस नळी हातात धरून रस्त्याकडे बघत होता.

“तुमचे साहेब गेले की,” तो म्हणाला.

“गेले? कुठे गेले?”

“ते मला काय ठाऊक, ताई. पण बोलत बोलत गेले एवढं खरं. मी म्हटलं फोनवर असतील.”

बाईंनी पंपवाल्याच्या खुर्चीवर बसून दोन कप चहा संपवला, तेव्हा कुठे मोटारसायकल परत आली. सायलेन्सरचा चेहरा उतरला होता. गाडी थांबवून ते म्हणाले, “बसतेस?”

“ते बघू. आधी सांगा, कुणाशी बोलत होतात?”

“तुझ्याशीच. मला वाटलं, तू मागे आहेस.”

“काय बोलत होतात?”

“असंच.”

बाईंच्या जिवाला चुटपुट लागली ती इथे. राग एका दिवसात गेला, पण हे ‘असंच’ काही जाईना. जो माणूस जेवताना “मीठ” एवढं म्हणून थांबतो, तो पंपापासून पुढच्या गावापर्यंत काय बोलत गेला असेल? आणि आजवर हेल्मेटच्या आत, वाऱ्यात, आपल्याला ऐकू न येणारं असं किती बोलला असेल? हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याला बोलता येतं. फक्त हातात स्टिअरिंग नाहीतर हँडल लागतं, नजर रस्त्यावर लागते आणि समोर कुणी नको असतं. घरात सोफ्यावर बसून हे जमणार कसं?

लेकीचं घर लांब, डोंगरापलीकडे. रविवारी तिच्याकडे जायचं ठरलं होतं. सायलेन्सरनी वर्षभर नकाशे बघून रस्ता काढला होता. बाईंनी स्वच्छ सांगितलं, “तुमचं मला आणि माझं तुम्हाला ऐकू आलं तरच मी त्या गाडीवर पाय टाकीन. नाहीतर मी बसने जाते, तुम्ही या एकटे बोलत.”

त्या रात्री सायलेन्सरना भाजीत मीठ नाही हेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात जाऊन हेल्मेटमध्ये बसवायचे दोन ब्लूटूथ हेडसेट घेऊन आल्या. नवऱ्याला आणि दोन्ही हेल्मेटांना बरोबर नेलं होतं. दुकानदार चुणचुणीत होता. कानाशी चपटे स्पीकर, तोंडाशी छोटा माइक असं सगळं त्याने पाच मिनिटांत आत चिकटवून दिलं. सायलेन्सरच्या फोनला एकेक हेल्मेट जोडून गाणंही वाजवून दाखवलं. “गाडीच्या सिस्टीमला जोडलं की दोघांना गाणं, रस्ता आणि एकमेकांचं बोलणं, सगळं ऐकू येईल,” तो म्हणाला. “घरी जाऊन जोडा, एकदम सोपं आहे.” सोपं आहे असं सांगणाऱ्या माणसाकडून त्याचा पत्ता लिहून घ्यावा, हे बाईंना तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी सकाळी दोघं पार्किंगमध्ये उतरले. सायलेन्सरनी किल्ली फिरवली. स्क्रीनवर दोन चौकोन आले: एक चालकाच्या हेडसेटचा, एक मागे बसणाऱ्याच्या. हेल्मेटवरचं बटण दाबून धरलं की लाल-निळा दिवा लुकलुकायला हवा, मग गाडीने त्याला शोधायचं, अशी कृती होती. सायलेन्सरनी बटण दाबलं. दिवा एकदा निळा झाला आणि गप्प बसला. गाडी शोधत राहिली आणि शेवटी म्हणाली, उपकरण सापडले नाही.

“परत दाबा,” बाई म्हणाल्या.

परत दाबलं. उपकरण सापडले नाही. गाडीला बाकी सगळं सापडत होतं. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचं घड्याळ सापडलं, कुणाचा तरी टीव्ही सापडला, शेजारच्या गाडीचा रेडिओ सापडला. डोळ्यांसमोर धरलेलं हेल्मेट तेवढं सापडेना. सायलेन्सरनी घाम पुसला आणि लेकीला फोन लावून तो बाईंच्या हातात दिला.

“आई, रिसेट करा,” लेक म्हणाली.

“काय रिसेट करू?”

“सगळं.”

“तुझ्या बापाला करू का?”

लेक पलीकडे हसत बसली. उपयोग तेवढाच झाला.

तेवढ्यात स्क्रीनवर एक नवं नाव उगवलं, नुसतेच आकडे आणि अक्षरं. हेच ते, असं म्हणून सायलेन्सरनी त्यावर बोट ठेवलं. गाडीने आनंदाने कळवलं, मागे बसणाऱ्याचा हेडसेट जोडला गेला. बाईंनी घाईघाईने हेल्मेट घातलं. सायलेन्सरनी स्क्रीनच्या खालच्या माइकशी तोंड नेलं आणि घसा खाकरून विचारलं, “बसलीस का? ऐकू येतंय का?”

बाईंना काही ऐकू आलं नाही. तळमजल्यावरच्या दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट मात्र धावत बाहेर आली.

“काका, तुम्ही काही करताय का? आमच्या स्पीकरमधून कुणीतरी ‘बसलीस का’ विचारतंय. खुर्चीतल्या आजी तोंडात कापूस असताना ‘हो’ म्हणाल्या!”

बाई हसून हसून हेल्मेटसकट खाली बसल्या. सायलेन्सर मात्र हसले नाहीत. दवाखान्याचा स्पीकर सोडून दिला, गाडी बंद केली आणि तिच्या टाकीवर हात ठेवून ते म्हणाले, “तू बसने ये.”

त्या तीन शब्दांनी बाईंचं हसू पुसलं गेलं. वर्षभर बघितलेले ते नकाशे, सुऱ्या ठेवायच्या खणात घडी करून ठेवलेले, त्यांच्या डोळ्यांपुढे आले. बसने जाणार म्हणून आपण ऐटीत सांगितलं खरं, पण बसने जायचंय कुणाला? पुन्हा ते ‘असंच’ पोटात तसंच राहणार, कायमचं. बाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याचा फोन हातात घेतला.

यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण भरलेल्या गाडीत कोण कुठे बसलंय हे बघायची नजर काही रिटायर होत नाही. फोनच्या पडद्यावर दोन्ही हेल्मेटांची नावं होती, आणि दोन्हींपुढे लिहिलं होतं: जोडलेले.

“अहो ड्रायव्हर,” त्या म्हणाल्या, “ही दोन्ही हेल्मेटं तुमच्या फोनमध्ये बसून आहेत.”

“मग?”

“मग गाडीला कशी मिळतील? दुकानदाराने जोडली ती तशीच आहेत. तुम्ही बटण दाबता, ती उठतात आणि पुन्हा फोनच्याच मांडीवर जाऊन बसतात.” आणि मग, भर पार्किंगमध्ये, बाईंच्या तोंडून तो आवाज आला, जो ऐकून एके काळी अख्खी गाडी दारातून बाजूला व्हायची: “आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!”

दवाखान्याची खिडकी उघडली.

त्या आवाजासरशी सायलेन्सरचा हात आपसूक ब्रेककडे गेला. मग त्यांना उमगलं. फोनमध्ये ‘हे उपकरण विसरा’ असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी दोनदा दाबलं. दोन्ही हेल्मेटं खाली उतरली. आता बाईंनी रांग लावली: आधी ड्रायव्हरचं हेल्मेट पुढच्या चौकोनात, ते नीट बसल्यावर आपलं मागच्या चौकोनात, आणि फोन सगळ्यात शेवटी, तोही गाडीला, हेल्मेटांना नव्हे. बटण दाबलं आणि दिवा लाल-निळा लुकलुकू लागला. स्क्रीनवरचे दोन्ही चौकोन एकामागून एक हिरवे झाले.

बाईंनी हेल्मेट घातलं. आत आधी नुसती हवेची सळसळ होती. मग अगदी कानाशी, इतक्या वर्षांत कधी इतक्या जवळून न ऐकलेला आवाज आला, “हॅलो.”

“ऐकतेय,” बाई म्हणाल्या.

रविवारी निघाले. शहर संपेपर्यंत सायलेन्सर गप्प. बाईंनी घाई केली नाही. कान टवकारून बसल्या, बस्स. मोकळा रस्ता लागला, सुरुवातीचा पट्टा त्यांच्या जुन्या बसचाच, आणि माणूस सुटला. हा पूल नवा आहे, या वळणावर एकदा टायर बसला होता, त्या झाडाखाली एक म्हातारा रोज हात करायचा, आता नाही दिसत. बाई हूं हूं करत होत्या आणि मनात म्हणत होत्या, एवढा ऐवज कुठे दडवून ठेवला होता या माणसाने?

तोच पंप आला. पेट्रोल भरलं. बाईंनी या वेळी बॅग बरोबर नेली, तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसल्या. पंपवाल्याने ओळखून विचारलं, “आज मोजून घेतलं ना साहेबांनी?”

सायलेन्सरनी हेल्मेटची काच खाली ओढली. गाडी सुरू होती, पण निघाली नाही. बाईंच्या कानात आवाज आला.

“त्या दिवशीचं सांगू?”

“सांगा.”

“तू माझ्याआधी रिटायर झालीस. पुढे वर्षभर दुसरे कंडक्टर होते. दोरी तीच, घंटा तीच. डबल पडली की मी निघायचो. पण प्रत्येक स्टॉपला आधी आरशात बघायचो. तू दिसायची नाहीस. फार वाईट वाटायचं. तुला कधी बोललो नाही.” सायलेन्सरनी हातमोजा ओढून नीट केला. “त्या दिवशी मी तेच सांगत होतो. की आता बरं आहे. आता आरशात बघावं लागत नाही. तू मागे आहेस हे माहीत असतं.”

बाईंनी मांडीवरची बॅग घट्ट धरली.

“मग पुढच्या गावात सहज आरशात बघितलं,” सायलेन्सर म्हणाले. “सीटवर नुसती बॅग.”

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. हेल्मेटची काच बंद, डोळे पुसायची सोय नाही. आवाज फुटेना.

“हॅलो? गेलं का कनेक्शन?” सायलेन्सर स्क्रीनवर वाकले. दोन्ही चौकोन हिरवेगार होते.

बाईंनी हात उचलला आणि नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. एक. आणि मग दुसरी.

सायलेन्सरनी आधी आरशात नीट बघून घेतलं, मग गिअर टाकला.