माळकऱ्याच्या गोठ्यातली मांजर

आमच्या नांद्याच्या घरमालकांनी ज्यावर हात ठेवला आणि जे चमकलं नाही, असं जनावर मुळशी तालुक्यात अजून जन्माला आलेलं नाही. हे म्हणणं माझं नाही, त्यांचंच आहे. पण त्यांच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहून मी ते इतकं मनावर घेतलंय, की कुणी शंका काढली तर आता मलाच राग येतो. मी मुळात कमी बोलणारा. हिंगोलीहून हिंजवडीत नोकरीला आलो आणि ऑफिसात, जेवणाच्या टेबलावर, पहिल्यांदा चार माणसांना हसवलं ते या माणसाच्या नकला करून. त्या हशाचं ओझं अजून छातीवर आहे. तेव्हा जे सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगतो.

घरमालकांना आम्ही भाडेकरू ‘मामा’ म्हणायचो. उंच, सडसडीत, डोक्याला टोपी, गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून मटण-मासळी तर सोडाच, मटणाच्या दुकानासमोरून जायची वेळ आली तरी ते धोतराचा सोगा नाकाला लावून रस्ता ओलांडायचे. जमिनीचा मोठा तुकडा विकला त्या वर्षी त्यांची बैलजोडीही गेली. गोठा रिकामा राहिला, पण जनावर पारखायची हाताची सवय गेली नाही. समोर येईल त्याच्या अंगावरून ते उलटा हात फिरवायचे, म्हणजे केसांच्या उलट दिशेनं. केस पुन्हा झटकन बसले तर जनावर खाऊनपिऊन सुखी. तसेच उभे राहिले तर मालक नालायक. शेजाऱ्याची शेळी, दूधवाल्याची म्हैस, रस्त्यावरचं कुत्रं, कुणाचीच सुटका नव्हती. माझीही नव्हती. “सायेब, केस लई राठ झाल्यात तुमचं,” एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, “कँटीनच्या भाजीत पाणीच असतंय वाटतं.” लेकीसाठी शिरूरकडचं स्थळ पाहायला गेले तेव्हा घर पाहिलं नाही, शेत पाहिलं नाही, मुलाला नीट न्याहाळलंही नाही. थेट गोठ्यात शिरले, म्हशीच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाले, “ठरलं. ज्या घरात म्हशीची कातडी रेशमागत हाय, तितं माझी पोरगी उपाशी ऱ्हायची न्हाई.” मामी हे सांगायच्या तेव्हा कपाळाला हात लावायच्या. “आन नवरा मुलगा कसा हाय, त्ये मला लग्नात कळलं!”

एकच गोष्ट मामांच्या हिशेबात बसली नव्हती. लेकीच्या सासूबाईंना मांजराच्या केसांनी शिंका यायच्या, म्हणून तिची केशर नावाची तांबूस मांजर माहेरीच राहिली. पाठवणीच्या वेळी ती पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली, मांजरीला पोटाशी धरून रडली आणि वडिलांच्या हातात मांजर देऊन गाडीत बसली. मामा मांजर धरून फाटकात उभे राहिले. रडायला दोन्ही हात मोकळे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि दिवाळीला लेक पहिल्या बाळंतपणासाठी येणार असं ठरलं, त्याच श्रावणात केशरचे केस गळायला लागले. कमरेजवळ चट्टे पडले. उलटा हात फिरवला की हातातच केस यायचे. मामांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांची माळच ओढली. “ती ईल आन पयलं हिला उचलंल,” ते म्हणाले. “काय दावू तिला? एक मांजर संभाळता आली न्हाई बापाला?”

मग त्यांनी बैलांचा इलाज काढला. शर्यतीच्या बैलाला जवसाचं तेल पाजलं की अंगावर आरसा येतो, हे त्यांनी स्वतःच्या जोडीवर पाहिलेलं. बैलाला तेल पाजायची बांबूची नळी गोठ्यात होतीच. तिच्यात आख्खी केशर मावली असती. म्हणून त्यांनी बोरूची बारीक नळी तासली, मांडी घातली, मांजरीला बैलासारखं चुचकारलं आणि जबड्यात नळी सरकवली. पुढचा आवाज मी वरच्या खोलीत ऐकला. खाली आलो तेव्हा मामांच्या दोन्ही हातांवर लाल रेघा होत्या, तेल टोपीवर होतं आणि केशर कौलावर. “बैल कसा, लाथ मारायच्या आदी कान तरी टवकारतो,” मामा म्हणाले. “ही लई आतल्या गाठीची हाय.” मामी दारातून म्हणाल्या, “अवो, शेपटी पिरगाळून बगा की. गाड्याला जुंपायचीच ऱ्हायली हाय आता.” तरी आठवडाभर चिकाटीनं तेल पाजलं. केशरला जुलाब झाले. केस गळायचे ते गळतच राहिले.

शेवटी मीच त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून औंधला, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. मध्ये झाकणाच्या टोपलीत केशर, रस्ताभर ओरडत. बाईंनी आधी पिसवांचं औषध दिलं. मग म्हणाल्या, “काका, जवस बैलाला चालतं. मांजराच्या अंगी ते फारसं लागत नाही. तिला केसांसाठी लागणारं ओमेगा माशाच्या तेलातूनच मिळायला हवं. आणि खाद्य घेताना पाकिटावर मांस किंवा मासा पहिला लिहिलेला बघा. तेल वजनाप्रमाणे, मी सांगते तेवढंच. दुप्पट दिलं म्हणून दुप्पट चमकणार नाही.” हे शेवटचं वाक्य त्यांनी मामांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, बाईंना माणसाची पारख होती. मामा ‘मासा’ या शब्दालाच थांबले होते. “दुसरं काय न्हाई का? तुळशीचा काढा, गाईचं तूप?” बाई हसल्या. “मांजर आहे काका. तिला माळ कोण घालणार?”

शेजारच्या दुकानात मांजराच्या खाद्याची भिंतभर पाकिटं होती, प्रत्येकावर झुबकेदार शेपटीची परदेशी मांजर. मामांनी चित्रांकडे ढुंकून पाहिलं नाही. “भायरचं चित्र बगून बैल घेतला असता तर कवाच भिकेला लागलो असतो. सायेब, वाचा पयलं काय लिवलंय त्ये.” मी वाचलं, “मका.” “ठिवा. कोंबड्या पाळाय न्हाई आलो.” दुसरं वाचलं, “तांदूळ.” “तांदूळ? नांद्याच्या भातकऱ्याला तांदूळ इकतोयस व्हय रं?” दुकानातला मुलगा गडबडला. चौथ्या की पाचव्या पाकिटावर पहिला शब्द मासा निघाला. पण पेंड घेताना मामा चाखल्याशिवाय पैसे देत नसत, आणि इथं गळ्यात माळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी खाता न्हवं?” मी म्हटलं, “मासे खातो मामा. हे नाही.” “मंग बगा की. मांजरीनं खायच्या आदी कुणीतरी बगाय नको?” मुलानं नमुन्याचं पाकीट पुढं केलं. मी एक दाणा तोंडात टाकला. “कसं हाय?” “सुक्या बोंबलासारखं. मीठ कमी.” “मीठ कमीच पायजे,” मामा समाधानानं म्हणाले आणि पाकीट काखेत मारलं. हा भाग ऑफिसात मी कधीच सांगितला नव्हता.

घरी मामींनी उंबऱ्यावरच हात आडवा धरला. “माज्या सैपाकघरात ह्याचा वास आला तर मी शिरूरला लेकीकडं जाऊन ऱ्हाईन.” त्यात केशरला ते कोरडं खाद्य रुचेना. शिजवलेल्या माशात कालवलं आणि त्यावर बाईंनी दिलेली तेलाची गोळी सुईनं टोचून पिळली, तरच ती तोंड लावायची. मग मामांनी रिकाम्या गोठ्यात तीन दगडांची चूल मांडली. रोज सकाळी तोंडावर उपरणं गुंडाळून, मान एका बाजूला वळवून, हा माळकरी माणूस मासा उकडायचा, काटे काढायचा, खाद्य कालवायचा, गोळी पिळायचा. त्यानंतर राखेनं हात घासायचा, मग साबणानं, मग लिंबानं. वास काही जायचा नाही. गोठ्याच्या फटींतून तो गावभर फिरायचा.

गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. “मामा, माळ खुंटीला टांगली का काय?” कुणी दुकानावर विचारायचं. “आमाला बी बोलवा की एक दिस!” मामा एकदाच उलट बोलले. “ये की. पर मांजर जेवंल तेच जेवाय लागंल, तेबी तिच्या मागनं.” हसून हसून लोक खालीच बसले. खरी अडचण एकादशीला आली. मामा विठ्ठलाच्या देवळातल्या भजनात टाळ धरायचे, बुवांच्या उजव्या हाताला, गेली कित्येक वर्षं. ती जागा त्यांना जमिनीपेक्षा मोठी होती. मीही त्या दिवशी मागे बसलो होतो. शेजारच्यानं नाक आक्रसलं, कुजबूज झाली, आणि बुवांनी चाल थांबवून हळूच विचारलं, “खरं हाय का वो?”

नाही म्हणणं सोपं होतं. ‘भाडेकरू पोरगा शिजवतोय’ म्हणाले असते, तर मी मान डोलावली असती. पण मामा उभे राहिले. “व्हय. ह्या हातानंच शिजवतो. मुखात घालत न्हाई. लेकीची मांजर हाय, ती ईस्तोवर बरी करायची हाय.” बुवा गोंधळले. त्यांना काही म्हणायची वेळच मामांनी येऊ दिली नाही. टाळ उचलून ते दाराशी गेले, उंबऱ्याच्या बाहेर बसकण मारली आणि म्हणाले, “वास जाईस्तोवर मी हितनं धरतो. बुवा, घ्या.” बुवांनी अभंग उचलला. त्या दिवसापासून दर भजनाला मामा उंबऱ्याबाहेर बसले. पाऊस तिरका आला की अर्धं अंग भिजायचं. टाळ मात्र एकदाही चुकला नाही. मी फारशा कशाचा अभिमान बाळगणारा माणूस नाही, पण त्या दाराकडे बघताना मला वाटायचं, आतल्या सगळ्यांना ओरडून सांगावं की हा माझा घरमालक आहे.

दसऱ्यापर्यंत चट्टे भरले. दिवाळीच्या तोंडावर केशरच्या अंगावर अशी झळाळी आली की उन्हात बसली की पितळी समई मांडल्यासारखी दिसायची. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे. “फिरवा. उलटा हात फिरवा. भ्या नका.” गॅसवाला, पोस्टमन, जमीन बघायला आलेला एजंट, सगळ्यांनी फिरवला. एजंटाला तर त्यांनी मांजर दाखवली, जमीन दाखवायची राहूनच गेली.

लेक आली ती जड पावलांनी, कमरेवर हात ठेवून. आधी खरंच केशरला उचललं. मामा खांबाला टेकून आढ्याकडे बघत होते, जणू तिथं काही दुरुस्तीचं काम निघालं होतं. तिनं मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला, सरळ, आपण सगळे फिरवतो तसा, आणि गाल टेकवून म्हणाली, “बगा की आप्पा, जशी सोडून गेलते तश्शीच हाय. काई सुदिक बदललं न्हाई.”

मामींनी बोलायला तोंड उघडलं. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, बोलायला पुढं झालो. मामांनी आमच्याकडे फक्त एकदा पाहिलं, अधीर बैलाला जागेवर उभं करतात तसं.

“तर काय,” मामा म्हणाले. “तशीच हाय.” आणि एवढे खूश दिसले, की त्याहून मोठी शाबासकी त्यांना कुणी देऊच शकलं नसतं.

आता त्या लेकीचं बाळ शाळेत जातं, गोठ्याच्या जागी भाड्याच्या सहा खोल्या उभ्या आहेत आणि मीही भुकूमला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. लेकीला अजून यातलं काही माहीत नाही. मी सांगितलं हे मामांना आवडणार नाही. पण एका बापाचं एवढं मोठं काम कुणालाच दिसू नये, हे मला काही केल्या पटत नाही.