बिनसांध्याचा सनमायका

भाऊजी पहिल्यापासून कमी बोलणारे, आणि ताई गेल्यावर तर त्यांनी बोलणं जवळजवळ बंदच केलं. विचारलं तर उत्तर, तेही मानेने. जेवलात का? मान. झोप लागते का? मान. हलायची ती एकाच तऱ्हेने. त्यातून हो काढायचं की नाही, ते आपण ठरवायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. ताईच्या आजारपणात त्यांनी भाड्याचा गाळा सोडला, हत्यारं पेटीत भरली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. पुढे ताई गेली, पण पेटी काही बाहेर आली नाही. मी दर रविवारी जायचो. दोघं चहा घ्यायचो आणि भिंतीकडे बघत बसायचो. तिचं नाव मी काढत नव्हतो, ते काढत नव्हते. खरं सांगायचं तर मला दुःख म्हणावं असं काही होतच नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळंच झालं होतं. लोक म्हणायचे, किती धीराने घेतलंत. मी म्हणायचो, हो.

अशाच एका रविवारी शिवणवर्गाच्या बाई आल्या. त्यांच्या वर्गाची मशीनं वर्षानुवर्षं भाऊजीच बघायचे. बाई बोलायला एक घाव दोन तुकडे. "सुट्टी संपली की वर्ग सुरू होणार. निम्मी मशीनं टाके सोडतायत. तुम्ही करणार असाल तर मी थांबते. नसाल तर आजच सांगा, दुसरा मेकॅनिक रोज फोन करतोय."

भाऊजींनी मान हलवली. मी घाईघाईने तिचा अर्थ हो असा लावला आणि बाईंना दारापर्यंत सोडून आलो. आत येतो तर भाऊजी म्हणाले, "छोट्या, टेबल करावं लागेल."

मी पन्नाशी ओलांडली, केसांनी केव्हाच रामराम ठोकला, तरी या घरात मी छोट्याच. पण त्या दिवशी मला ते गोड लागलं. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. हे काम हातचं गेलं तर ती पेटी उघडायला दुसरं निमित्त मिळणार नाही, आणि हा माणूस भिंतीकडे बघता बघता भिंतच होऊन जाईल, हे मला कळत होतं. त्यामुळे टेबल झालंच पाहिजे, असं मी मनाशी धरून बसलो.

टेबल त्यांनी स्वतःच केलं. जुन्या कपाटाचं प्लाय, मोडक्या पलंगाचे पाय, बाहेरच्या खोलीत बैठक मारून हळूहळू ठोकत राहिले. मी गेलो की एखादी फळी धरायचो. सांगाडा उभा राहिला, वर प्लाय बसलं, आणि मग गाडं अडलं ते सनमायक्यापाशी. नुसत्या प्लायवर तेल मुरतं आणि पडलेला बारीक स्क्रू दिसत नाही. तेव्हा वर सनमायका हवा. पांढरा हवा. चकचकीत नको, त्यावरून दिव्याचा उजेड उलटा डोळ्यात येतो. आणि सांधा नको, सांध्यात सुईची टोकं अडकतात. इतक्या अटी तर लोक सोयरीक जुळवतानाही घालत नाहीत.

लाकूडवाल्यांच्या गल्लीत आम्ही पहिल्या दुकानात शिरलो. दुकानदाराने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक समोर टाकलं. संगमरवरासारखे, लाकडासारखे, बांबूसारखे. सनमायक्यासारखा दिसणारा सनमायका तेवढा सापडेना. शेवटी साधा पांढरा निघाला. किंमत ऐकून भाऊजींनी पुस्तक मिटलं.

"कटपीस आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत की. मागे बघा."

मागच्या भिंतीला उरलेले तुकडे ओळीने टेकवून ठेवले होते. त्यातला एक पांढरा, अगदी हवा तसा, आणि भाव जवळजवळ फुकटातला. भाऊजींनी खिशातून टेप काढली, तुकडा मापला, टेप परत खिशात टाकली.

"रुंदीला कमी आहे."

"किती रुंद पाहिजे?"

"चार फूट."

दुकानदार हसला. "काका, टेबल करताय की नाटकाचं स्टेज?"

भाऊजी हसले नाहीत. मीही नाही. आम्ही पुढच्या दुकानात गेलो, तिथून त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच. दोन फुटी मिळे, अडीच फुटी मिळे. चार फुटी मिळे तो लांबीला अपुरा. एका ठिकाणी तर दुकानातल्या सुताराला आमची दया आली. तो म्हणाला, "टेबलाची रुंदी निम्मी करा. आत्ता कापून देतो, फळीसकट. मशीन ठेवायला दोन फूट रगड झाले."

"नाही जमणार," भाऊजी म्हणाले.

"का नाही जमणार?" मी बाहेर आल्यावर विचारलं. उन्हाने माझं डोकं आधीच तापलेलं. "तो माणूस धंद्यातला आहे. उगाच कशाला सांगेल?"

"चार फूट लागतं."

"पण कशाला?"

"लागतं."

झालं. भिंतीला विचारलं असतं तर निदान आपलाच आवाज परत आला असता. पुढचे दोन रविवार मी त्यांच्या मागे अशाच गल्ल्या पालथ्या घातल्या. बाईंचा मला फोन आला, काय झालं? मी म्हटलं, होतंय. काहीही होत नव्हतं. पूर्ण शीट मी माझ्या पैशाने घेऊन येतो म्हणालो, तर मान हलली, आणि ती नाही होती याबद्दल शंकेला जागाच नव्हती.

शेवटी सनमायका भेटला तो फर्निचर करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या गोदामात. कुणी गिऱ्हाइकाने पांढरा म्हणून मागवला आणि आल्यावर हा राखाडी दिसतो म्हणून नाकारला. अख्खं शीट होतं, फक्त एका बाजूची कड दुमडून तडकलेली. कंत्राटदाराला अडगळ झालेली. "न्या एकदाचा," तो म्हणाला आणि भाऊजींना झेपेल असा भाव सांगितला. भाऊजींनी शीट उजेडात तिरकं धरून पाहिलं, तळहात फिरवला, नख ओढलं. तडकलेली कड सोडून मापलं. बसत होतं.

ते भेंडोळं करून दोरीने बांधलं आणि आम्ही पायी निघालो, पुढे ते, मागे मी. वाटेत दोरी सैल झाली आणि भेंडोळं फाडकन उघडलं. वाऱ्याने शीट आडवं केलं, रस्त्यातल्या दोन सायकली थांबल्या, आणि मी त्या पांढऱ्या पडद्यामागे कुठेतरी गडप. एरवी ताईला सांगितलं असतं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली असती. मी दोरी पुन्हा आवळली. आम्ही चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी चिकटवायला बसलो. उग्र वासाचं पिवळं सोल्युशन प्लायलाही लावायचं आणि सनमायक्याच्या पाठीलाही. मग दोन्ही थोडं सुकू द्यायचं. बोट लावलं तर चिकटता कामा नये, तेव्हा एकावर एक ठेवायचं. आणि एकदा टेकलं की टेकलं, केसभरही सरकवता येत नाही. म्हणून मधे लाकडी पट्ट्या ठेवून, वर शीट बरोबर जुळवून, मग एकेक पट्टी ओढून घ्यायची. एका माणसाचं काम नव्हे. आम्ही सोल्युशन फासलं, खिडक्या उघडल्या आणि सुकायची वाट बघत उभे राहिलो.

बोट लावून बघत भाऊजी म्हणाले, "झालं. तू तिच्या बाजूला उभा राहा."

मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे फळीच्या खाली गुडघे जातील अशी जागा सोडली होती. पाय टेकवायला आडवी पट्टी मारली होती, आखूड पाय असलेल्या माणसाला पुरेल इतकी वर. उजव्या हाताला छोटा खण. मी तोवर त्या बाजूने टेबल नीट पाहिलंच नव्हतं.

मग मला गाळा आठवला. बाकीचे मेकॅनिक मशीन आडवं पाडून एकटेच काम करतात. ही दोघं नाही. मशीन दोन ठोकळ्यांवर मधोमध उभं. अलीकडे भाऊजी, हात चाकावर, नजर सुईवर. पलीकडे ताई, हातात बॅटरी, मान खाली घालून खालचा दोरा उचलणाऱ्या शटलवर डोळा. सुई आणि शटलची गाठ कुठे पडते ते ती सांगणार. "थांबा." "जरा मागे." "बस." दोघांच्या मधे मशीन ठेवायचं तर चार फूट लागणारच. हा माणूस गल्ल्या पालथ्या घालत होता तो दोघांच्या टेबलासाठी, आणि माप चुकतंय हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "या बाजूला आता कोण बसणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. आडव्या पट्टीकडे पाहायला ते थोडे वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"हो की," ते म्हणाले.

मी बसतो म्हणावं, तर मला चष्म्यानेही सुईचं भोक दिसत नाही. कापून निम्मं करू म्हणावं, तर ते माझ्या तोंडून निघेना. वास डोक्यात चढत होता.

"सुकलंय," भाऊजी म्हणाले. "जास्त सुकलं तर धरणार नाही. उचल."

आम्ही शीट उचललं, जुळवलं, पट्ट्या एकेक करून ओढल्या. ते अलीकडून फडक्याने दाबत गेले, मी पलीकडून. कुठे फुगा राहिला नाही. मी थोडं उरकून घरी गेलो आणि जेवून झोपलो. कसला विचारही आला नाही.

बाईंनी पहिलं मशीन पाठवलं त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो. पेटी टेबलावर उघडी होती. मशीन ठोकळ्यांवर मधोमध उभं होतं. भाऊजींनी अलीकडे बसून चाक थोडं फिरवलं. उठले. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, बॅटरी पेटवली आणि मान खाली घालून शटल पाहिलं.

"जरा मागे," ते मोठ्याने म्हणाले.

मग वळसा घालून परत आले आणि चाक जरा मागे घेतलं. पुन्हा उठले.

"मशीन आडवं पाडा ना," मी म्हणालो. "सगळे तसंच करतात."

"तिथून नीट दिसतं."

मी दारातच उभा होतो. माझी ताई गेली, हे मला तेव्हा कळलं. इतकं दुखलं की दाराची चौकट धरावी लागली. भाऊजींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते पलीकडे वाकले होते.

"बस," ते तिकडून म्हणाले, आणि इकडे येऊन त्यांनी स्क्रू आवळला.